मरुंदु किती वेळां?

४ जून १९६२, सोमवार

सहा महिने शाळेला रामराम. मुलींना त्रैराशिक शिकवून घसा बसला होता, आता बायकांना प्रश्न विचारून बसवायचा. मद्रासच्या एका संस्थेची पाहणी आहे. बाईचं लग्न कितव्या वर्षी झालं, नवरा नात्यातला की परका, मुलं किती झाली, किती राहिली, किती गेली. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्ल्या आणि पापनाशमकडची चार खेडी माझ्या वाट्याला आली आहेत. असले प्रश्न विचारायला बाईच हवी, मराठी आणि तमिळ दोन्ही बोलणारी हवी, आणि बेरीज न चुकणारी हवी. म्हणजे मीच.

ही वही देवनागरीत लिहिते, कारण या घरात माझ्याशिवाय ती कुणाला वाचता येत नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकटीलाच ही अक्षरं शिकवली आणि मग ते गेले. अम्मा मराठी बोलते पण लिहिते तमिळ. हे कचेरीत इंग्रजी लिहितात. तेव्हा मनातलं लिहायला ट्रंकेला कुलूप लागत नाही.

मद्रासहून आलेले सांबशिव सर म्हणाले, "कमलाक्षी अम्माळ, पहिला फॉर्म आपल्याच घरी भरा, हात बसेल." भरला. अम्मा: वय पन्नास, लग्न तेराव्या वर्षी, नवरा सख्खा मामा, मुलं तीन, तिन्ही हयात. थोरली मी, मग दिल्लीला असलेला कल्याणराम, मग अंबा. मी: वय बत्तीस, लग्न सोळाव्या वर्षी, नवरा सख्खा मामा, मुलं शून्य, गेलेली शून्य. माझं पान दोन मिनिटांत झालं. एवढं सोपं पान गावात दुसऱ्या कुणाचं निघायचं नाही.

९ जून, शनिवार

अंबाचं ठरलं. सेतुमाधवाशीच. परक्याला सांगायचं तर नातं असं: अम्माचे दोन धाकटे भाऊ. थोरल्याशी, चिदंबराशी, माझं लग्न झालं. धाकट्याशी, सेतुमाधवाशी, आता अंबाचं. अण्णा गेल्यापासून अम्मा आणि अंबा आमच्याकडेच असतात, सेतूही इथेच. म्हणजे नवरी उजव्या खोलीतून डाव्या खोलीत जाणार. अम्मा म्हणाली, "कांखेंत कळसा असतां गांवाला वळसा कशाला?" आणि ते मलाही पटलं. मुलगी डोळ्यांपुढे राहील. आषाढ, म्हणजे इथला आडी महिना, संपला की पुढच्या आवणी महिन्यात, म्हणजे श्रावणात, मुहूर्त.

सेतू वीज कचेरीत आहे. सव्वीस वर्षांचा घोडा, पण आजही जेवताना अंबाच्या ताटातली अप्पळं, म्हणजे पापड, पळवतो, तिनं वाढून घेतलेली असतात तरी. अंबा आज दोनदा भांडं हातातून पाडून बसली. एकोणीस वर्षांची झाली तरी पोरीचं कामात लक्ष म्हणून नाही. सासरी मी जाऊ असणार, म्हणून निभेल.

२३ जून, शनिवार

धरणाचं पाणी कालव्याला आलं आहे, पापनाशमला सगळ्या बायका रोपणीत. बांधावर उभी राहून विचारावं लागतं. पण काम झपाट्यानं चाललं आहे. एकशेचाळीस फॉर्म झाले, आणि एकातही खाडाखोड नाही.

जयलक्ष्मी नावाची चोवीस वर्षांची बाई भेटली. मोठी हसरी. मुलं किती? "एक." कडेवर होतं ते. त्याच्या अंगात गुडघ्यापर्यंत येणारा सदरा होता. मी म्हटलं, फार मोठा शिवला की. ती म्हणाली, "थोरल्याचा आहे." मी रकान्यात एक लिहिलं आणि बस पकडली. बसमध्ये आठवलं की थोरला कोण ते विचारायचं राहिलं. दिराचा वगैरे असेल.

२ जुलै, सोमवार

माझे सगळे फॉर्म परत आले. सगळे. सरांनी ढीग टेबलावर ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "अम्माळ, हे तंजावूर आहे की वैकुंठ? एकशेचाळीस घरांत फक्त अकरा मुलं गेली? इतकं कमी मरण स्वीडनमध्येही नाही." मी म्हटलं, बायकांनी सांगितलं ते मी लिहिलं. ते म्हणाले, "बायका खोटं बोलत नाहीत. तुमचा प्रश्न चुकतो आहे. तो शोधून काढा आणि पुन्हा जा."

चौदा वर्षांच्या नोकरीत माझी बेरीज कुणी परत पाठवली नव्हती. घरी येऊन ह्यांच्यावर उगाच तोंड टाकलं. अमावास्या होती. तर्पण विहिरीपाशी झालेलं, तरी दर अमावास्येला हे वडवार नदीवर जातातच, आणि पाय चिखलानं भरून परत येतात. अंगण कुणी धुवायचं? म्हटलं तर नेहमीसारखं काही न बोलता स्वतःच दोन बादल्या ओतल्या. सोळा वर्षं संसार केला, या माणसाच्या मनात काय असतं ते मला कळलेलं नाही.

५ जुलै, गुरुवार

आज चूक सापडली. ती माझी नाही, आपल्या बोलण्याची आहे.

वेंकूबाई सुइणीकडे गेले होते. ऐंशीच्या पुढे वय, दृष्टी गेली, पण आमच्या गल्ल्यांतल्या निम्म्या माणसांना जगात तिनं ओढून आणलं आहे. तिला म्हटलं, मी विचारते लेकरं किती, बायका सांगतात तीन, आणि साहेब म्हणतात खोटं. म्हातारी हसली. म्हणाली, "बरोबर सांगटात कीं. अकराव्या दिवशीं पुण्यावाचन होतें, नांव ठेवटात, तोट्टिलांत घालटात. तोंवर तें लेंकरू नव्हे. त्याआधीं गेलें तें आलेंच नाहीं. त्याचें सुतक नाहीं, नांव नाहीं, कोण्ही रडत नाहीं. तूं लेंकरें विचारतेस, त्या लेंकरें सांगटात."

तोट्टिल म्हणजे पाळणा. मग विचारायचं तरी कसं?

"मरुंदु विचार. मरुंदु किती वेळां खाल्लीस, म्हणून. लेंकरू राहो जावो, बाळंतिणीला मरुंदु करावेंच लागतें. तें कोण्ही विसरत नाहीं."

मरुंदु म्हणजे बाळंतपणाचं औषध: सुंठ, तिप्पिली म्हणजे पिंपळी, गूळ, तूप घोटून केलेलं काळं लेह्य. चाळीस दिवस सकाळी खायचं. इतकी साधी गोष्ट. मी तिथंच प्रश्नाची ओळ खोडून नवी लिहिली. म्हातारी पुढे म्हणाली, "तुज तर मीच घोटून दिलें होतें, स्मरण आहे कीं?" वय झालं की माणसं कुणाचं कुणाला लावतात. मी उठले. तिच्या कोनाड्यात तिप्पिली वाळत पडली होती, त्या वासानं डोकं धरलं. हा वास मला पहिल्यापासून सोसत नाही.

१४ जुलै, शनिवार

पुन्हा सगळी दारं. पूर्वी पाच मिनिटांत होणाऱ्या पानाला आता तास लागतो.

प्रश्न ऐकला की बाई आधी हसते. मग बोटांवर मोजायला लागते. मग तिचा चेहरा बदलतो. कुणी म्हणते, "थांब हं, त्या पुराच्या वर्षी एकदा." कुणी सासू आत गेल्याची खात्री करून घेते. एका बाईनं नऊ वेळा सांगितलं, आणि अंगणात दोन मुलं खेळत होती. मेलेलं कोणत्या महिन्याचं होतं, मुलगा की मुलगी, हेही रकाने आहेत. त्यांना सगळं पाठ असतं. ज्यांना स्वतःचं वय सांगता येत नाही त्यांना सहा दिवसांच्या पोरीच्या पायाची बोटं आठवतात.

जयलक्ष्मीनं चार सांगितलं. सदरा थोरल्याचाच होता. तो अडीच वर्षांचा होऊन गेला, त्याला नाव होतं, तरी तिनं मागच्या वेळी सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? "तुम्ही किती आहेत ते विचारलंत." चिखलाचा हात कपाळाला लागू न देता तिनं मनगटानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकून रोपं लावायला लागली. मी रकान्यातलं एक खोडून चार लिहिलं.

२२ जुलै, रविवार

फॉर्ममध्ये 'लग्नाआधीचं नातं' असा एक रकाना आहे. आजवर मी तो डोळे मिटून भरत होते. आज सुटीचा दिवस, म्हणून या वहीच्या शेवटच्या पानावर माझी मीच बेरीज मांडली. नातं नसलेल्या जोडप्यांत दहा मरुंदूंमागे दोन गेलेली. आत्याच्या मुलाशी लग्न झालेल्यांत तीन. सख्ख्या मामाशी झालेल्यांत चारांच्या वर. तीनदा तपासली. बेरीज बरोबर आहे.

बाहेर अम्मा आणि अंबा लग्नातल्या पुडव्यांचा, लुगड्यांचा, रंग ठरवत होत्या. अंबा म्हणत होती सेतुमामाला निळा आवडतो.

२४ जुलै, मंगळवार

सरांना बेरीज दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. "एवढ्या घरांवरून काही म्हणता येत नाही. मद्रासला हजारोंची जुळणी व्हायची आहे. आणि एक लक्षात ठेवा, अम्माळ, सरासरी शंभर घरांची असते. ती कुणा एका घरात राहायला जात नाही." मी विचारलं, तुमच्या घरी लग्न निघालं असतं तर? त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "माझी बायको माझ्या आत्याची मुलगी आहे." आणि चष्मा पुसत बसले. त्यांना मुलं किती हे मी विचारलं नाही.

९ ऑगस्ट, गुरुवार

घरचा फॉर्म तेवढा राहिला होता. दुपारी अम्मा सुपात तांदूळ निवडत होती, तिला विचारलं. "अम्मा, मरुंदु किती वेळां खाल्लीस?"

मला वाटलं होतं चिडेल. तिनं मानही वर केली नाही. "सात. तुझ्या आधीं दोन. तुझ्या मागें एक. कल्याणाच्या मागें एक. तिघें तुम्ही." आणि खडे बाजूला टाकत राहिली. बत्तीस वर्षं मी स्वतःला थोरली समजत होते.

मी वहीतली बेरीज तिला समजावून सांगितली, सेतूचं आणि अंबाचं नाव घेऊन. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "तेव्हां सगळ्यांचींच जात होतीं. परक्या घरीं दिलेल्यांचीं जात नव्हतीं काय? नळाचें पाणी आलें, इंजेक्शनें आलीं. तूं शाळेंत शीक, घरांत शिकवूं नको."

मग सुपावरून नजर वर करून माझ्याकडे पाहिलं. मी आत निघून आले.

१२ ऑगस्ट, रविवार

लिहितेच. ही वही कुणी वाचत नाही.

मी मरुंदु दोन वेळा खाल्लं आहे. वेंकूबाईला भ्रम झालेला नाही. एकदा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. मुलगा. नवव्या दिवशी निळा पडला. पुन्हा तीन वर्षांनी. त्या वेळी मला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा खोली धुतलेली होती आणि अम्मा मरुंदूची गोळी घेऊन बसली होती. काय झालं होतं, मुलगा की मुलगी, मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. चाळीस दिवस मी ती गोळी गिळली. हे आणि मी या विषयावर अकरा वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. शून्य मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच शून्य वाटत होतं. दोनशे बायकांना त्यांच्याकडून काढून घेतलं आणि स्वतःचं पान दोन मिनिटांत भरून मोकळी झाले, याची आज शरम वाटते.

आज फॉर्म पुन्हा काढला. लिंग या रकान्याशी येऊन थांबले. पापनाशमच्या अडाणी बाईला जे सांगता येतं ते मला येत नाही.

अंबाला मी यातून जाऊ देणार नाही. अम्मा बोलो न बोलो.

१९ ऑगस्ट, रविवार

आवणी लागला. आज पत्रिकेचा मजकूर लिहायचा होता. सगळे कूडत्तात, मधल्या दालनात बसले होते. अम्मा, हे, सेतू. अंबा दाराआड. हे तमिळ मजकूर लिहून घेत होते. मी म्हटलं, पत्रिका छापायला देऊ नका. हे लग्न नको.

मी पाठ करून गेले होते. आकडे सांगितले, शेवटी अम्माचे सात सांगितले. सेतू हसत म्हणाला, "अक्का, तुझ्या फॉर्मांत आमचाही नंबर लागला कीं." अम्मा म्हणाली, "हिला स्वतःला कांहीं झालें नाहीं, म्हणून हिला सगळ्यांचें वाईट दिसतें."

तेव्हा मी म्हटलं, "मला झालीं. दोन झालीं."

माझ्या कानाला माझाच आवाज परका वाटला. अम्माचा चेहरा दगडासारखा. ती म्हणाली, "तीं लेंकरें नव्हत. तोट्टिलांत घातलीं नाहींत. एक तर दिवसही न उजाडतां गेलें. त्यांस मोजतेस? अपशकुन करतेस, तेंही लग्नाच्या तोंडावर?"

 ह्यांनी पेनाचं टोपण लावलं. कागद घडी करून मांडीखाली ठेवला. आणि खाली पाहत म्हणाले, "मुलगी होती."

मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल.

"दुसरी मुलगी होती. केस होते पुष्कळ. कमलाला शुद्ध नव्हती, तिला दाखवतां आली नाहीं. मुलालाही मींच नेलें, मुलीलाही मींच नेलें. वडवारापलीकडे ठेवलीं दोघांस." एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला. मग धाकट्या भावाकडे पाहिलं. "सेतू, मज झेपलें नाहीं. तुज झेपणार नाहीं. तूं नको."

थोरल्या भावाच्या शब्दापुढे या घरात कुणी जात नाही.  सेतू उठला, चपला घालून बाहेर गेला. दाराआड काही पडल्याचा आवाज झाला, पण या वेळी भांडं नव्हतं. अंबा भिंतीला धरून खाली बसली होती. मी तिला उठवायला गेले तर तिनं माझा हात झटकला.

लग्न मोडलं. मला हवं होतं तेच झालं. 

२१ ऑगस्ट, मंगळवार

क्रमांक एकचा फॉर्म पुरा केला. जन्म दोन. मृत्यू दोन. पुरुष, नऊ दिवस. स्त्री, एक दिवस. ह्यांना दाखवला. इंग्रजीत छापलेला, ह्यांना वाचता येतो. त्यांनी 'स्त्री' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हें मद्रासला जाणार?" म्हटलं, जाणार. "बरें," म्हणाले. बोट बराच वेळ उचललं नाही.

अम्मा माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, ताट आपटत नाही, पण बोलत नाही.

२ सप्टेंबर, रविवार

सेतूनं नेय्वेलीला बदली मागून घेतली, ती मिळाली. सकाळच्या गाडीनं गेला. निळा सदरा घातला होता. अंबा खोलीतून बाहेर आली नाही. आता आठवतं की तो तिच्या ताटातली अप्पळं पळवत असे आणि ती दर वेळी दोन जास्तीची वाढून घेत असे. इतकं डोळ्यांसमोर होतं आणि मी ते कामातलं दुर्लक्ष म्हणून लिहून ठेवलं. गणिताची बाई.

दुपारी ती बाहेरच्या तिण्णईवर, ओट्यावर, बसली होती, खांबाला टेकून. दोन आठवड्यांत वाळली आहे. मी शेजारी बसले. म्हटलं, अंबा, तुला चांगलं स्थळ पाहू, कुंभकोणमकडे, तिरुच्चीकडे, नात्याबाहेरचं. तुला माझ्यासारखं होऊ नये एवढंच मला हवं होतं. अम्माचंच बघ. सात झाली, चार गेली. तुझी गेली असती तर?

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"अक्का, तूं गेलेलीं मोजतेस. अम्मानें मामाशीं लग्न केलें नसतें तर चार गेलीं नसतीं म्हणतेस. पण तीन आलीं, त्यांत मी आहें. मज कुठल्या रकान्यांत घालतेस?"

मी काहीतरी बोलणार होते. सरासरी, शंभर घरं, सरांचं वाक्य. ती पदर सावरून उठली आणि आत गेली.

त्या तिघांत मीही आहे, हे मला ती गेल्यावर सुचलं.